मी आहे तोवर दादाचं घर ठरू द्या

मा. जिल्हाधिकारी, नाशिक
आणि मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका यांस,

स.न.वि.वि.

माझा मोठा भाऊ ५८ वर्षांचा आहे, मी ५५ वर्षांची. आम्ही दोघंच राहतो, नाशिकरोडला, रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर. दादा बौद्धिक दिव्यांग आहे आणि स्वमग्नही (ऑटिस्टिक) आहे. त्याच्याकडे पंधरा-वीस शब्द आहेत आणि तेवढ्यात त्याचं भागतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस मुंबईकडे निघून गेली की तो गॅलरीतून आत येतो, हात धुतो आणि आपल्या खुर्चीवर बसतो. मग चहा, चहानंतर दोन पोळ्या. गाडीला उशीर झाला तर चहालाही उशीर. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे.

मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या. दादा पहाटे उठून गॅलरीत उभा राहायचा तो दुपारपर्यंत. ना चहा, ना पोळी. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजले. शेवटी मी आतल्या खोलीत मोबाइलवर गाडीचा भोंगा आणि रुळांचा खडखडाट लावला, आवाज हळूहळू कमी करत नेला, तेव्हा तो आत आला आणि हात धुवायला गेला. पुढचे कित्येक महिने मी रोज सकाळी मोबाइलवरून पंचवटी सोडत होते.

‘तुमच्यानंतर त्याला कुठेतरी ठेवावं लागेल,’ असं लोक मला म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक कॉट, दोन वेळचं जेवण आणि दाराला कडी असते. मी शोधते आहे ते गाडी गेल्याशिवाय दादापुढे चहा ठेवायचा नाही, एवढं ठाऊक असलेलं माणूस. आणि ते माणूस मी हिंडतीफिरती असतानाच मला त्याला दाखवायचं आहे. हे पत्र त्यासाठी आहे.

नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता. अशा मुलांना घराच्या मागच्या खोलीतून काढून शाळेच्या बाकावर बसवायचं धाडस या शहरातल्या आईबापांनी केलं ते त्या काळात. त्या पहिल्या पिढीतली मुलं आता पन्नाशीत, साठीत आली आहेत. केस पिकले, गुडघे धरले, कोणाला मोतीबिंदू, कोणाला साखर. तरी बोलताना सगळे त्यांना ‘मुलं’च म्हणतात, मीही म्हणते. योजनाही बहुतेक मुलांच्याच: लवकर निदान, शाळा, थेरपी, फार तर कार्यशाळेत मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या. हे सगळं हवंच आहे. पण ज्याच्या हाताला आता पिशवी चिकटवता येत नाही, ज्याला रात्री दोनदा धरून संडासला न्यावं लागतं, त्याचं काय, हे या योजनांमध्ये कुठे दिसत नाही.

दादाच्या कागदांचीही एक गोष्ट आहे. त्याच्या जुन्या दाखल्यावर ‘मतिमंद’ एवढाच शब्द होता. स्वमग्नतेचं वर्णन वैद्यकात १९४३ पासून आहे, आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचं नाव घेतलं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला जागा दिली. तोवर दादा ४८ वर्षांचा झाला होता. आई आयुष्यभर म्हणत राहिली, ‘हा मंद नाही गं, हा वेगळ्याच कशात तरी असतो.’ तिच्या त्या वाक्याला डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हा ती नव्हती. जिल्ह्यात असे किती प्रौढ असतील ज्यांच्या दाखल्यावर अजून जुनाच शब्द आहे? २०११च्या जनगणनेत देशभरात बौद्धिक दिव्यांग म्हणून १५ लाखांवर माणसं मोजली गेली. स्वमग्नतेचा रकानाच तेव्हा नव्हता.

आता म्हातारपणाचं. आमच्या पालकांच्या गटात डाउन सिंड्रोम असलेली एक ताई आहे, ४९ वर्षांची. गाणी ऐकायची, कपड्यांच्या घड्या इतक्या सुरेख घालायची की शेजारणी तिला बोलावून न्यायच्या. वर्षभरापूर्वी ती घडी अर्धी टाकून नुसती हाताकडे बघत बसायला लागली. घरचे म्हणाले, आळशी झाली. कोणी म्हणालं, हट्टीपणा. पंचाऐंशीच्या आईने तिला दोन चापट्या मारल्या आणि मग रात्रभर रडली. ती आळशी झाली नव्हती. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि मेंदूत अल्झायमरचा साका धरायला कारण होणाऱ्या प्रथिनाचा जनुक त्याच गुणसूत्रावर असतो. म्हणून चाळिशीपर्यंत यातल्या जवळपास सगळ्यांच्या मेंदूत ते बदल सुरू झालेले असतात, आणि साठीपर्यंत निम्म्याहून अधिकांना स्मृतिभ्रंश गाठतो. पूर्वी ही माणसं पंचविशीपर्यंत जेमतेम जगायची, त्यामुळे हे कोणाला दिसतच नव्हतं. आता साठीपर्यंत जगतात. आयुष्य वाढलं याचा आनंद आहेच. पण ६० पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक, हा हिशोब त्यांना लागू पडत नाही. त्यांचं म्हातारपण चाळिशीत दार वाजवतं.

दादाचं स्वतःचं सांगते. चार वर्षांपूर्वी तो अचानक भिंतीवर डोकं आपटायला लागला. रात्र-रात्र. मी त्याला घेऊन एका दवाखान्यात गेले. ‘असल्या पेशंटचं असंच असतं,’ असं ऐकवून झोपेच्या गोळीचा डोस वाढवून मिळाला. दादा दिवसा पेंगायला लागला, जेवताना मान खाली जायची, एकदा बाथरूममध्ये पडला. डोकं आपटणं थांबलं नाही. पाच आठवड्यांनी, ताटातला भाकरीचा कडक तुकडा तो डाव्या गालाकडून उजवीकडे ढकलतोय हे माझ्या लक्षात आलं. बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं तर डावीकडची दाढ आणि खालची हिरडी काळीनिळी, पू धरलेली. दाढ काढली त्या रात्री दादा नऊ तास झोपला. पाच आठवडे त्याची दाढ ठणकत होती आणि आम्ही सगळे मिळून त्याला गुंगीचं औषध देत होतो. त्याच्या पंधरा-वीस शब्दांत ‘दुखतंय’ हा शब्द नाही. डोकं आपटणं हाच तो शब्द होता.

दाढ, बद्धकोष्ठता, कानातला मळ, लघवीचा संसर्ग: दुखणं यातलं एखादं असतं आणि दोष जातो ‘स्वभावा’ला. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावतो, ऐकू कमी येतं, मोतीबिंदू लवकर येतो. फिटच्या काही औषधांनी वर्षानुवर्षांत हाडं विरळ होतात. म्हणून इंग्लंडमध्ये नोंद असलेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला चौदाव्या वर्षापासून दरवर्षी एक सविस्तर तपासणी दिली जाते, आणि ती व्यक्ती कशी बोलते, दुखलं की काय करते, कशाला घाबरते हे लिहिलेली एक पत्रिका दवाखान्यात सोबत नेता येते. तशी पत्रिका मी दादासाठी वहीच्या चार पानांवर करून ठेवली आहे. जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या बिटको रुग्णालयात आठवड्यातली एक सकाळ अशा प्रौढांसाठी राखली, रांगेत न ताटकळता दात, कान, डोळे, थायरॉइड एका फेरीत पाहिले, आणि ती चार पानं डॉक्टरांनी वाचली, तर त्याला नवी इमारत लागत नाही.

आणि आता ते सहा दिवस. पित्ताशयातल्या खड्यांसाठी मला २०२३ मध्ये ऑपरेशन करून घ्यावं लागलं. तीन दिवसांचं सांगितलं होतं, जखम चिघळली आणि सहा झाले. आधी महिनाभर मी दादाची सोय शोधत होते. एका वृद्धाश्रमात गेले. व्यवस्थापकांनी चहा दिला, आपुलकीने बोलले, आणि नियमावलीतल्या ओळीवर बोट ठेवलं: मानसिक रुग्ण व मतिमंद यांना प्रवेश नाही. एका निवासी शाळेत गेले, तिथे अठरा वर्षांची अट. तिसऱ्या ठिकाणी ‘घेऊ, पण कायमचा द्या’ म्हणाले. सहा दिवसांसाठी माणूस घ्यायची त्यांच्याकडे रीतच नव्हती. एका ओळखीच्या गृहस्थांनी मनोरुग्णालयात विचारून बघा असं सुचवलं. बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. पण चांगल्या मनाची शिकलेली माणसंही हे दोन एकच समजतात.

शेवटी चुलत वहिनी येऊन राहिल्या. त्यांनी मनापासून केलं. पण दादाने ते सहा दिवस घराच्या उंबऱ्यात काढले, माझ्या चपला मांडीवर घेऊन. सातव्या दिवशी मी रिक्षातून उतरले तर त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकला, चपला माझ्या पायाशी ठेवल्या, आधी डावी, मग उजवी, आणि आत जाऊन झोपला.

मी परत आले म्हणून त्या चपला त्याला खाली ठेवता आल्या. मी न येण्याचा दिवसही येणार आहे. अशा घरांमध्ये नेहमी होतं ते हेच: आई जाते, तेराव्यापर्यंत नातेवाईक असतात, चौदाव्या दिवशी त्या माणसाची एक बॅग भरतात आणि जिथे जागा मिळेल तिथे, नगरला, पुण्याला, कुठेही नेऊन सोडतात. आई, घर, खोली, ताट, गल्ली, गाडीचा आवाज, सगळं एका आठवड्यात जातं. ज्याला पोळीची जागा बदललेली चालत नाही त्याच्यावर आपण हे लादतो, आणि मग म्हणतो की तो तिथे रुळला नाही, आक्रमक झाला, खात नाही.

म्हणून माझं मागणं नुसत्या निवाऱ्यापुरतं नाही. घर बदलण्याची सुरुवात सांभाळणारं माणूस जिवंत असताना व्हायला हवी. आधी महिन्यातून एक दुपार, मग एक रात्र, मग चार दिवस. सोबत त्याची खुर्ची, त्याचं ताट. पहिले सहा महिने मी शेजारी असेन, तिथल्या मावशींना सांगेन, वरण भाताला लागू देऊ नका, वाटीत वेगळं द्या. वर्षभरात दादाला दोन घरं होतील. मग त्यातलं एक मिटलं तरी दुसरं राहील.

हे काही माझ्या मनाने रचलेलं नाही. २०१६च्या कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही, आणि वय व लिंग लक्षात घेऊन निवासी सेवा तिला मिळाल्या पाहिजेत. वय हा शब्द कायद्यातच आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजना आहे, ‘समर्थ’मध्ये थोड्या दिवसांच्या मुक्कामाची सोय धरलेली आहे, ‘निरामय’ विम्यात लाखापर्यंतचा खर्च मिळतो. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच सुरू केला.

जिल्हाधिकारी साहेब, राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तरीय समितीचं काम आपल्याकडे असतं. अठरा वर्षांवरच्या या माणसांना कायदेशीर पालक ही समिती नेमते. दादाची पालक मी आहे. पण पालकत्व वारशाने पुढे जात नाही. मी गेले की नव्याने अर्ज, नव्याने नेमणूक. धाकट्या भावाची मुलगी पुण्यात नोकरी करते, २६ वर्षांची आहे. तिला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच रात्री झोप आली नाही. मी लग्न केलं नाही ते माझ्या मर्जीने, पण तिच्यापुढे तोच एक रस्ता ठेवायचा मला अधिकार नाही. तिने दादाची पालक व्हावं, महिन्यातून दोनदा यावं, त्याच्या हिताचं बघावं. त्याच्या अंघोळीसाठी तिचं आयुष्य थांबू नये.

तर समितीने पहिली गोष्ट करावी ती मोजणी. चाळिशीच्या पुढचे बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न प्रौढ जिल्ह्यात किती, त्यांना सांभाळणाऱ्याचं वय काय, घरात दुसरं कोणी आहे का. पालकत्वाच्या फायली आपल्याकडे आहेत, दिव्यांग प्रमाणपत्रांची नोंद आहे, प्रत्येक गल्लीत आशाताई जातात. सत्तरीपुढच्या आईबापाच्या घरापासून सुरुवात करा. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या पाड्यांवर दाखलाच नसलेली माणसं निघतील, त्यांचीही नोंद होऊ द्या.

आयुक्त साहेब, महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून सायकली, उपकरणं, अनुदानं दिली जातात, ती जावीतच. त्याच निधीतून नाशिकरोडला, पंचवटीत, सिडको-सातपूरकडे अशी एकेक लहान घरं सुरू करावीत. एका घरात आठ-दहा जण. शहराबाहेर दहा एकरांत शंभर कॉटांची इमारत बांधू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती उद्घाटनाला छान दिसते, पण तिथे कोणी रोज जात नाही, आणि जिथे कोणी जात नाही तिथे मारहाण होते, उपाशी ठेवणं होतं, बायकांवर तर काय काय होतं. घर गल्लीत असेल तर भाजीवाली डोकावते, शेजारची मुलं ‘दादा’ म्हणून हाक मारतात, भाऊबहिणी बसने पोचतात. तळमजला, घसरणार नाही अशी फरशी, संडासात धरायला दांड्या, आणि रात्री जागा असणारा माणूस. त्या माणसाला नीट प्रशिक्षण आणि नीट पगार. दर चार महिन्यांनी मावशी बदलणारं घर स्वमग्न माणसासाठी रोज नवं घर असतं. अशी संस्था चालवायला कायद्याने नोंदणी लागते. त्यासोबत दोन पालकांना कधीही, न कळवता, आत येऊन बघण्याचा अधिकार द्या.

चालवायचं कसं, हे शिकायला लांब जावं लागणार नाही. बदलापूरला पालकांनीच पैसे घालून ‘आधार’ उभी केली आणि प्रौढ मुलांची आयुष्यभराची जबाबदारी घेतली. पुण्याजवळ अशाच प्रौढांसाठी ‘नवक्षितिज’ आहे. आपल्याकडे नाशिकमध्ये ‘घरकुल’ संस्थेने अशा मुलींना घर दिलं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मुलांना आपलं नाव लावलं आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ही मुलं जाणार कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही सगळी माणसं मोठी आहेत. पण एका-एका माणसाच्या जिवावर किती वर्षं काढायची? ही कामं करणारेही म्हातारे होत आहेत.

घरं उभी राहायला वेळ लागेल, हे मला कळतं. तोवर थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी चार खाटांची एक जागा तरी सुरू करा, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईला ऑपरेशन पुढे ढकलावं लागणार नाही. आमच्या गटात एक आई दोन वर्षं मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळते आहे, मुलाला कोणाकडे ठेवू म्हणून. ती चाचपडत त्याची दाढी करते.

नाशिककरांनाही दोन शब्द. असं घर तुमच्या सोसायटीशेजारी येईल तेव्हा विरोधाचा अर्ज करू नका. ही माणसं तुमच्यातच लहानाची मोठी झाली आहेत. एखादा रात्री ओरडेल, खरं आहे. लग्नाच्या हंगामात डीजे आपण सगळेच सोसतो.

२००३च्या सिंहस्थात आईबाबा दोघं होते. गर्दीच्या दिवसांत बाबा दादाचे कान झाकून त्याला जवळ घेऊन बसले होते. २०१५ला आई एकटी होती. २०२७ला मी आहे. सिंहस्थाची कामं डोक्यावर असताना आपल्याकडे वेळ कमी आहे हे मी जाणून आहे. पण पुढच्या सिंहस्थाला दादा ७१ वर्षांचा असेल आणि मी ६८ची, तेव्हा त्याला उचलायचं बळ माझ्या हातात नसेल.

आमच्या गटातले काही पालक आणि मी आपल्याला भेटायला येऊ इच्छितो. अर्धा तास पुरे. दादालाही घेऊन येईन, त्याच्याविषयीचं बोलणं त्याच्यासमोर व्हावं. पंचवटी गेल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही आणि गर्दीच्या वेळी बसमध्ये चढत नाही, म्हणून वेळ अकरानंतरची द्यावी आणि बाहेरच्या बाकावर फार वेळ बसावं लागणार नाही, एवढं पाहावं.

आपली विश्वासू,
एक बहीण, नाशिकरोड